तपासून ये, आई

दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर
१० जानेवारी २०२५

चि. उन्नती,

आधी सगळ्यांची खुशाली, मग बाकीचं. तुझा ताप उतरला का? तोंडातले फोड सुकले, की अजून पाणीही झोंबतं? हर्षिताचा खोकला कसा आहे? सहा वर्षांची पोर, तिला थंडीत कानटोपी घालतं का कुणी? जावईबापूंची पाठ काय म्हणते? आणि सासूबाईंचे, सीमंतिनीबाईंचे गुडघे? त्या सध्या तुमच्याकडेच असतात ना? मी आपलं विचारलं.

इकडे मी बरी. समरजीत बरा, त्याची बँक आणि तो. वरच्या मजल्यावर तुझी कुमुदकाकू बरी. पहाटे त्रिफळा घेते आणि दिवसभर त्याचे गुण मला ऐकवते.

फोन सोडून पत्र का लिहिते, तर तुला बोलवत नाही, आणि तुझा फोन असतो जावईबापूंच्या हातात. पत्र तुझ्याच हातात पडेल.

तुझं पत्र मंगळवारी आलं. सात वर्षांत पहिल्यांदा तू ‘आई, तू ये’ असं लिहिलंस. मी दारातच बसले. कुमुद वरून ओरडली, “ताई, काय झालं? कोण गेलं?” म्हटलं, “गेलं नाही कोणी. बोलावणं आलंय.” मग पुढची ओळ वाचली. ‘येण्याआधी शौचाची तपासणी करून रिपोर्ट पाठव.’ उन्नती, आईला बोलावताना असं कुणी लिहितं का ग? मुलीच्या घरी जाताना बायका लाडवांचा डबा नेतात. मी ही कसली डबी पुढे पाठवू?

तू समजावून लिहिलं आहेस, ते मी चारदा वाचलं. रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाचा शेवटचा मोठा डोस तीन मार्चला. त्यानंतर तीन आठवडे अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरत नाहीत. तेव्हा पोटातला साधा जंतूही जिवावर उठतो, आणि आता काही जंतू असे निघालेत की त्यांना बहुतेक औषधं लागूच पडत नाहीत. धडधाकट माणसाच्या आतड्यात ते गुपचूप बसून असतात, त्याला पत्ताही नसतो. म्हणून जो कुणी तुला रांधून घालणार, त्याची तपासणी. पटलं. पण एक विचारू? ही अट दवाखान्याची, की विहीणबाईंची? त्यांची तपासणी झाली का? काय आलं? ते तू लिहिलं नाहीस. मी सातवी पास असेन, पण जे लिहिलेलं नसतं तेही मला वाचता येतं.

तशी माझी काळजी नको. मी गोळ्या-औषधांना शिवत नाही. उद्या लॅबचा माणूस येऊन डबी नेईल. कागद आला की झेलम गाडीचं तिकीट काढते.

तुझी आई


२१ जानेवारी २०२५

चि. उन्नती,

तुझी चिठ्ठी पोचली. अक्षर फार बारीक झालंय ग तुझं, आधी असं नव्हतं.

रिपोर्ट अजून आला नाही. इथल्या कामाची रीत तुला माहीत आहे. आज या, उद्या या.

सहज विचारते. समजा एखाद्याच्या पोटात ते निघालेच, तर त्याने काय करायचं? काही काढा, काही उपास? तिथल्या डॉक्टरांना विचार. माझ्यासाठी नाही. माहिती असलेली बरी.

माहितीवरून सांगते. त्या कागदावर म्हणे औषधांची लांब यादी असते आणि प्रत्येकापुढे आर किंवा एस. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. जंतूचं नाव क्लेबसिएला. एखाद्या विलायती मडमेचं नाव वाटतं की नाही? मी भिंगातून, म्हणजे एका ओळखीच्या बाईंचा कागद होता, त्यात पाहिलं. वरून खालपर्यंत आर, आर, आर. एस फक्त दोन. आणि त्या बाई ठणठणीत. जिना चढतात, पापड लाटतात, कुणाला खरं वाटेल?

मी आता गल्लीत जरा लक्ष ठेवून आहे. कोपऱ्यावर कोंबड्यांचं दुकान झालंय. कोंबड्या वाढवायलासुद्धा औषधं देतात असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, म्हणून गेले विचारायला. तो म्हणतो, “अम्मा, आप तो खाती नहीं, फिर पूछ क्यों रही हो?” हे काही उत्तर झालं? आपल्या नळाचा पाईप कित्येक ठिकाणी नालीतून जातो, तेही यावेळी नीट वाकून बघून आले. दहीवाल्याची नखं पाहिली. समरजीतने ऑफिसातून कचोऱ्या आणल्या त्या परत बांधून ठेवल्या. तो चिडला. “आई, तुम भी ना! पूरे मोहल्ले की जासूसी करोगी क्या?” त्याला म्हटलं, चोर शोधायचा तर दारं वाजवावीच लागतात.

लॅबच्या काउंटरवरची पोरगीही मला सरळ वाटत नाही. पंधरा डब्या एका पिशवीत घालून नेतात. कुणाची कुणाला लागत नसेल कशावरून?

हर्षिताला तीळगूळ धाडला होता, मिळाला का? आणि सीमंतिनीबाईंचं मी विचारलं होतं, त्यावर तू या वेळीही गप्प आहेस.

तुझी आई


३१ जानेवारी २०२५

उन्नती,

‘आई, तू काही लपवते आहेस का?’ म्हणून विचारतेस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोर कोण ते तरी ठरू दे.

हो, रिपोर्ट आला. मागच्या पत्राआधीच आला होता. ती ओळखीची बाई मीच. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? पण तो कागद खोटा आहे. मी दुसऱ्यांदा डबी दिली, तेव्हाही तीच मडम, तेच आर. खालीवर एक अक्षर हललेलं नाही. समरजीत म्हणतो, “दो बार आया, मतलब सही है.” मी म्हणते, दोनदा आला म्हणूनच खोटा. त्यांच्याकडे एकच कागद छापून ठेवलेला आहे, नाव तेवढं बदलतात. याचा माझ्याकडे पुरावा आहे. पक्का. पण तो लिहिता येत नाही. का ते विचारू नकोस.

म्हणून मी ठरवलं, कागदाविना येते. बावीस फेब्रुवारीचं तिकीट काढलंय. तुझ्या डॉक्टरांसमोर उभी राहते, बघू दे त्यांना माझ्याकडे.

बाबांच्या मनाविरुद्ध तुझं लग्न लागलं त्या दिवशी ते ओसरीत बसून म्हणाले, जी गेली ती गेली. मी देवघरात होते. उठून बाहेर यायला दहा पावलं होती. उठले नाही. हर्षिता झाली तेव्हा तू बाबांच्या नकळत मला फोन केलास, तेव्हाही ‘बघते, जमवते’ म्हणाले आणि जमवलं नाही. आता बाबा नाहीत, मला कुणी अडवायला नाही, आणि तू स्वतः बोलावलं आहेस. अशा वेळी एका कागदाच्या चिटोऱ्यासाठी मी ग्वाल्हेरात बसून राहू? आणि तिकडे विहीणबाईंनी तुला भरवावं? त्या कागदामागे कोण आहे ते मला कळतं.

दार उघडशील ना?

आई


९ फेब्रुवारी २०२५

चि. उन्नती,

हे पत्र बसून, सावकाश वाच. थकलीस तर मध्ये ठेव.

मी तिकीट रद्द केलं.

दुसरी डबी माझी नव्हती. ती कुमुदची होती.

पहिला रिपोर्ट वाईट आला आणि मला वाटलं, माझ्या पोटात काही असेलही, पण कुमुदच्या पोटात काय असणार? बाळंतपणानंतर तिने एक गोळी घेतलेली नाही. कांदा नाही, बाहेरचं पाणी नाही. तिच्या पोटासारखं पोट अख्ख्या लष्करात मिळायचं नाही. म्हणून वर गेले आणि डबी पुढे केली.

ती म्हणाली, “ताई, या घरात आल्यापासून तुम्ही माझ्याकडे साखर मागितलीत, पैठणी मागितलीत, भाऊजी आजारी असताना माझी झोप मागितलीत. पण हे?”

म्हटलं, “उन्नतीसाठी ग.”

“उन्नतीसाठी काळीज मागा, काढून देते. हे कसं देऊ? मला लाज नाही?”

“लाज माझ्या नावावर जाईल. डबीवर नाव माझंच आहे.”

मग दोघी हसत सुटलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सकाळी तिने पदराखाली झाकून डबी आणून दिली आणि म्हणाली, “जा, पोरीला बघून या.”

चार दिवसांनी कागद आला. तीच मडम. मी तर ताळ्यावरच नव्हते. वरच्या जिन्यावरून ओरडले, “कुमुद, बघ, लॅब चोर निघाली! तुझ्या पोटातही तेच दाखवतात!” हाच तो माझा पक्का पुरावा, जो मला लिहिता येत नव्हता.

कुमुद हसली नाही. दोन दिवस खाली उतरली नाही. तिसऱ्या दिवशी साडी बदलून एकटीच रिक्षात बसली, फूलबागेजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये गेली आणि स्वतःच्या नावाने डबी देऊन आली. काल कागद माझ्यासमोर ठेवला. भिंग लागलंच नाही. आता मला ते आर लांबूनही ओळखू येतात.

“ताई,” ती म्हणाली, “लॅब चोर नाही. तुमच्या नावावर आलं ते माझंच होतं.”

मग आम्ही दोघी तिथल्या डॉक्टरणीकडे गेलो. शरयू नावाची मुलगी आहे, तुझ्याच वयाची. तिला मी सगळं सांगितलं, डबीचंही. ती रागावेल वाटलं. हसली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही दोघी आजारी नाही. ते जंतू तुमच्याकडे नुसते वस्तीला आलेत.”

“घालवायचे कसे?”

“घालवायचे नाहीत. औषध दिलं तर बाकीचे जंतू मरतील आणि यांनाच मोकळं रान मिळेल. वाट बघायची. कुणाचे महिन्या-दोन महिन्यांत जातात, कुणाचे वर्षभर राहतात.”

कुमुद म्हणाली, “पण मी गोळी खातच नाही! मग माझ्याकडे का?”

“ज्यांनी खाल्ल्या त्यांच्या पोटात ते माजतात. पण तिथून बाहेर पडले की घर बघत नाहीत, जातही बघत नाहीत. हात, पाणी, नाली, कच्ची कोथिंबीर. माझी तपासणी केली तर माझ्यातही निघतील.”

मी विचारलं, “सुरुवात कुणी केली?” अग, महिनाभर मी तेच शोधत फिरत होते ना.

ती म्हणाली, “ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, काकू.”

ती सांगू शकत नाही हे खरं. पण मला माझ्यापुरतं सांगायला हवं. मी गोळ्या-औषधांना शिवत नाही असं लिहिलं होतं, ते खोटं. तुला आठवत असेल, कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. तो अजून आहे. होता. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दिल्या की दोन दिवसांत बरं वाटायचं, मग उरलेल्या तीन दिवसांच्या त्या डब्यात. गल्लीत कुणाला ताप आला, पोट बिघडलं, दाढ ठणकली की लोक म्हणायचे, उषाताईंकडे जा. कुणाला दोन द्यायची, कुणाला अर्धी. लेकरांना मधातून चाटवायची. घरच्या औषधाचं पुस्तक वाचून वाचून मला वाटायचं, मला कळतं. लोक बरे व्हायचे, दुवा द्यायचे, आणि मला ती दुवा गोड लागायची. तुझे बाबा गेल्यावर तर ‘ताई, तुमच्या हाताला गुण आहे’ एवढं ऐकण्यासाठीच मी दार उघडं ठेवायची. कोंबडीवाल्याच्या दारात जाऊन कान टवकारले, स्वतःचं कपाट मात्र नाही उघडलं.

डबा शरयूच्या टेबलावर ठेवून आले.

आता जे सांगायचं आहे ते हे. कुमुदचा कागद चांगला आला असता तर? तर मी तो माझ्या नावाचा म्हणून तुला पाठवला असता. तू विश्वास ठेवला असतास. तेवीस तारखेला मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी असते आणि या हातांनी मऊ भात कालवून तुझ्या फोड आलेल्या तोंडात घास दिला असता. मी आनंदात असते. कुणाला काहीच कळलं नसतं, तुला ताप भरेपर्यंत.

मी खूप खोटं बोलले, त्याचं मला फार वाटत नाही. आई खोटं बोलतेच. पण हे खोटं जमलं असतं, याचीच भीती माझ्या अंगातून जात नाही.

मी येत नाही, उन्नती. तेव्हा दहा पावलं यायचं होतं, तेव्हा बसून राहिले. आता यायला उठले होते तर बसावं लागतंय. दोन्ही बसणी एकसारखी मोजू नकोस, एवढंच.

रागावली असलीस तरी दोन शब्द लिही.

तुझी आई


२० फेब्रुवारी २०२५

चि. अभिराम यांस,

हे पत्र तुमच्या नावाने आहे हे पाहून दचकू नका. सात वर्षांत मी तुमचं नाव लिहिलं नव्हतं. आज लिहिताना पेन जरा अडलं, पण लिहिलं.

शरयूला विचारलं, पत्रातून काही जातं का? ती म्हणाली, नाही हो काकू. तरी मी साबणाने हात धुऊन बसले आहे. तरीही हे उन्नतीच्या हातात देऊ नका. तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. माझा संशयी स्वभाव एवढ्यात जाणार नाही. फक्त आधी तो दुसऱ्यांच्या हातांवर होता, आता माझ्या हातांवर आलाय.

उन्नतीचं उत्तर मिळालं. सीमंतिनीबाईंचं मी तीनदा विचारलं होतं, ते तिने आत्ता सांगितलं. त्यांचा कागदही माझ्यासारखाच आला, आणि डिसेंबरातच त्या आपण होऊन भावाकडे साताऱ्याला निघून गेल्या. लोक नावं ठेवतील म्हणून कुणाला सांगू नका म्हणाल्या. म्हणजे त्या गेल्या, म्हणून तुम्ही मला बोलावलंत. आणि मी त्यांनाच या कागदामागचा हात समजत होते. त्यांना वेगळं पत्र टाकलंय. तुम्हीही सांगा, ग्वाल्हेरच्या विहिणीने माफी मागितली आहे, आणि गुडघ्यांचं विचारलं ते खरंच विचारलं होतं.

तर आता रांधायचं तुम्हाला. उन्नती लिहिते, ‘आई, अभिरामला वरण-भात येतो, बाकी देवाची मर्जी.’ आणि पुढे लिहिते, ‘मला आता कुणाचा राग येत नाही, भूकही येत नाही.’ ती ओळ वाचून मी समरजीतला म्हटलं, राग परत आला तरी चालेल, भूक यायला हवी. त्यासाठी सांगते, ऐका.

मुगाची डाळ मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा. तांदूळ निम्मे. पाणी भरपूर. कुकरला सहा शिट्ट्या, हो, सहाच. मग रवीने घुसळून अगदी पातळ करा. जिरं तुपात फोडणीला घालून शिजवा, वरून कच्चं काही नको, कोथिंबीरही नको, लिंबूही नको. शिजल्यावर लगेच द्या, ठेवून नंतर देऊ नका. हात आधी धुवा, मधे दाराला किंवा फोनला लागला तर परत धुवा. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला हे मी सांगावं असं नाही. पण शिकलेल्या माणसाच्या हाताला फोन फार असतो.

एक गोष्ट तिथे कुणालाच माहीत नसेल. उन्नती आजारी पडली की समोर ताट बघून तिला उमळून येतं. भांडं दिसलं की तोंड फिरवते. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या तेव्हा मी तिला खिडकीशी बसवायची, रस्त्यावरची माणसं दाखवायची आणि बाजूने घास द्यायची. ती बोलत राहायची आणि घास जात राहायचा. ‘खा’ म्हणायचं नाही. म्हटलं की संपलं. हर्षिताला लांबून, दारातून, शाळेतलं काहीतरी सांगायला लावा. तिचं लक्ष तिकडे गेलं की चमचा पुढे करा. लहान चमचा. घाई नाही.

तुम्ही तिला घेऊन गेलात तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस आमची पोर सांभाळणार नाही. कशावरून वाटलं, ते आठवायला बसले तर एकही गोष्ट आठवत नाही. आता जे मी करायला हवं होतं ते सगळं तुमच्या हातात आहे. तुमच्याशिवाय मला दुसरा हात नाही.

तीन तारखेला डोस. चार-पाच दिवसांनी पेशी उतरू लागतील, जेवण सुटेल, असं तिनेच लिहिलंय. तेव्हा मोठी पत्रं नकोत, तुम्हाला वेळही नसेल. पोस्टकार्डावर तारीख घाला आणि तिने किती घास घेतले तेवढं लिहा. दोन तर दोन. एकही नाही तर तेही लिहा, माझ्यापासून लपवू नका.

आणि आज हे वाचून होताच एक ओळ लिहून टाका. सकाळी दहाला पोस्टमन येतो, मी ओसरीत बसलेली असते.

तुमची सासू,
उषा